खोकल्याची कळ

टेबलावर दोनच वस्तू त्याच्या हक्काच्या:
लिंबू-मधाची बाटली आणि एक काळी कळ.
दाबली की माईक मुका, सोडली की जिवंत.
खोकला श्रोत्यांना ऐकू जाऊ नये
एवढ्यासाठीच बसवलेली.

एकतीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला बसले,
तोर्रेओनच्या त्या पत्र्याच्या आखाड्यात,
कानांवर हेडफोन, मांडीवर वायरींची भेंडोळी.
दर गुरुवारी साडेआठला
एलेउतेरिओ बासान टायची गाठ सारखी करायचा
(रेडिओवर टाय कोणाला दिसतो?)
आणि कापसाच्या शेतांपासून खाणीतल्या बराकींपर्यंत
हातातले घास हातात राहायचे.

"मान मोडली! बायांनो, बाप्यांनो, मान मोडली त्याची!"

किती माना मोडल्या त्यानं एकेका हंगामात.
नारिंगी विंचवाची सोळा वेळा,
गंधकी घोड्याची तर मोजदादच नाही.
मोडायची, आणि पुढच्या गुरुवारी सांधून यायची.
मध्ये गादीवाल्याची जाहिरात.

कळ दाबून तो काय बोलायचा ते फक्त मला माहीत.
"घोडा उजवा गुडघा जपतोय, बघ."
"विंचवाच्या पोरीचं आज चर्चमध्ये काहीतरी होतं,
तसाच आलाय, उपाशी."
"ह्या नव्या पोराला पडता येत नाही अजून.
पाडायला काय, कोणीही शिकतं."
कळ सोडली की पुन्हा वीज, पुन्हा सूड, पुन्हा आईची शपथ.

निकाल आधी ठरलेला असतो, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक.
फळ्या मात्र खऱ्या होत्या,
कॅन्व्हासखाली, खिळ्यांसकट.

नासासच्या कोरड्या पात्रापलीकडून
एका आंधळ्या खोगीरवाल्याचं पत्र यायचं, पुतणीच्या अक्षरात:
परवा विंचवाचा बुरखा कुठल्या रंगाचा होता
ते सांगायचं राहिलं.
तेव्हापासून रंग आधी, माणूस मागून.

विसाव्या वर्षी, ऑगस्टात,
घोडा वरच्या दोरावरून उडाला.
आवाज आला तो फळीचा नव्हता.
मी हेडफोनमध्ये ऐकला, त्यानं उघड्या कानांनी.

त्यानं तोंड उघडलं
आणि शब्द सापडेना.
मान मोडली, हे तो केव्हाच खर्चून बसला होता,
हजारदा, विंचवावर, घोड्यावर, सटरफटर पोरांवर.
आणि घोड्याची बायको स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसते
हे त्याला ठाऊक होतं.
मग हवामान सांगावं तसा म्हणाला:
"घोडा जरा पडून आहे. डॉक्टर शेजारी आहेत.
बुरखा पिवळा. कोणीही काढलेला नाही."

आणि अंगठा कळीवर.
सात मिनिटं.
मी गादीवाल्याला तीनदा वाजवलं.
काय बोलला त्या सात मिनिटांत, लोक अजून विचारतात.
काही नाही. खोकलासुद्धा नाही.

घोडा जगला. पायांनी नाही, पण जगला.
पुढची अकरा वर्षं चाकाच्या खुर्चीत, बुरखा घालून,
आमच्या टेबलाला टेकून तिखट शेंगदाणे खायचा
आणि शेवटी न चुकता ऐकवायचा,
"आज फारच गुळमुळीत बोललास, म्हाताऱ्या."
खरं होतं. माना मोडणं बंदच झालं होतं.
श्रोते चिडले, गादीवाला सोडून गेला,
त्याच्या जागी सरबतवाला आला.

निरोपाला स्टेशननं घड्याळ दिलं.
मी दोन स्क्रू काढून कळ दिली.

ती कुठं ठेवलीय विचारलं तर हसतो.
रविवारी मी त्याच्या ओट्यावर बसते, त्याच्या डाव्या हाताला.
अंगणात नातवंडं एकमेकांना चितपट करतात,
धाकटा पडतो, जरा जास्तच वेळ पडून राहतो.
म्हाताऱ्याचा अंगठा खुर्चीच्या लाकडावर घट्ट बसतो.
मी कान त्याच्याकडे करते.